ब्रँडविकांच्या घरची राष्ट्रीय सुरक्षा

लोवेल ब्रँडविकने त्या शनिवारी सकाळी केर काढणारं यंत्र उलटं करून पाहिलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते गोल, चपटं, आपलं आपण घरभर फिरणारं यंत्र सोफ्याखाली अडकून गुरगुरत होतं आणि लोवेल मुळात दयाळू माणूस. त्याने त्याला ओढून काढलं आणि उताणं टाकलं. पोटावर बारीक अक्षरांत, ते कुठे तयार झालं ते लिहिलं होतं. लोवेलने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्या देशाचं नाव तो गेले कित्येक महिने रोज टाइप करत होता.

लोवेल वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या मसुदे लिहिणाऱ्या कार्यालयात वकील होता. कायदा सभासदाच्या डोक्यात येतो, कागदावर उतरतो तो लोवेलसारख्यांच्या हातून. (गाजला तर सभासदाचा, स्वल्पविराम चुकला तर लोवेलचा, अशी वाटणी ठरलेली.) सध्या त्याच्याकडे राष्ट्रीय सुरक्षेचं विधेयक होतं. शत्रू म्हणून नोंदलेल्या देशांत बनलेलं आणि इंटरनेटला जोडलेलं कुठलंही यंत्र सरकारी कचेरीत नको, असा त्याचा सारांश.

बंदी लिहायला अक्कल लागत नाही, असं लोवेलचं मत होतं. अक्कल लागते ती बंदीतून सूट कुणी, कुणाला, केव्हा द्यायची हे लिहिताना. बहुतेक कायद्यांत म्हटलेलं असतं, की राष्ट्रहितासाठी योग्य वाटल्यास खातेप्रमुखाने सूट द्यावी. त्या 'वाटल्यास'मधून हत्ती सोंडेसकट निघून जातो, हे लोवेलचं जुनं दुःख. म्हणून या वेळी त्याने कलम आवळून बांधलं होतं. सूट फक्त खातेप्रमुखाने द्यायची, लेखी द्यायची, कारणासह द्यायची, आणि देण्याआधी तीन दिवस समितीला कळवायचं. समितीचा सल्लागार ड्वाइट कॅस्टलबेरी याच्या घशात ते कलम अडकत होतं. त्याला जुनं, ऐसपैस 'वाटल्यास' हवं होतं. गुरुवारी समितीत विधेयक यायचं होतं, आणि तोवर काही तोड निघाली नाही तर अध्यक्षबाई कॅस्टलबेरीचं ऐकणार, हे उघड होतं.

अशा माणसाच्या घरात असलं यंत्र सोफ्याखाली फिरत होतं.

"कोरीन," लोवेल स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आजपासून हा कायदा आपल्या घरालाही लागू."

कोरीन, म्हणजे त्याची बायको, शाळेत मुख्याध्यापिका होती. तऱ्हेतऱ्हेचे बहाणे ऐकून तिच्या चेहऱ्यावर आता काही उमटत नसे.

"बरं," ती म्हणाली. "आणि सूट कोण देणार?"

"मी. कुटुंबप्रमुख या नात्याने."

"लेखी?"

"लेखी. आणि तीन दिवस आधी तुला कळवून. तू समिती."

"ठरलं तर," कोरीन म्हणाली आणि पुन्हा कांदे चिरायला लागली. इतक्या चटकन ती कधीच काही मान्य करत नसे. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. लोवेलला अभिमान वाटला.

दुपारपर्यंत मोठं खोकं भरलं. केराचं यंत्र, दाराची घंटा, बैठकीतला दिवा, वजनकाटा, कॉफीचं यंत्र (आधी शेवटचा कप भरून घेऊन) आणि शेवटी स्वतःचा मोबाइल. फोनची सोय म्हणून तळघरातला जुना, वेटोळ्या वायरचा फोन झटकून भिंतीला लावला. खोकं परसातल्या गॅरेजमध्ये ठेवलं. तेव्हा लक्षात आलं, की गॅरेजचं दार उचलणारी मोटरसुद्धा त्याच देशातली आणि इंटरनेटला जोडलेली. लोवेलने घरातल्या पॅनेलवर जाऊन गॅरेजची वीजच बंद केली. दार यापुढे हाताने उचलायचं.

रविवारी दुपारी सासूबाई आल्या. ओडेटबाई लुइझियानाच्या. जावयावर त्यांची माया होती, पण तो वकील असून कोर्टात कधीच कसा जात नाही, हे कोडं त्यांना लग्नापासून सुटलं नव्हतं. लोवेलने त्यांना नवा कायदा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग दोन्ही कानांतली श्रवणयंत्रं काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"यांच्यावर पण तेच नाव आहे बघ, बाळ. फोनला जोडलेली पण आहेत."

"आई, अहो, तुमची राहू द्या. तुम्हाला सूट."

"काय फूट?"

"सूट. सूट देतो."

"लेखी?" कोरीनने मागून विचारलं. "तीन दिवस आधी?"

स्वतः बांधलेल्या कलमाला स्वतःच पहिल्या दिवशी भोक पाडायचं, हे लोवेलच्याने होईना. त्याने समितीला रीतसर कळवलं, श्रवणयंत्रं नेऊन खोक्यात ठेवली आणि सासूबाई बुधवारपर्यंत बहिऱ्या झाल्या.

त्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं. त्या गम्बो करायला लागल्या. गम्बो म्हणजे कोलंबी, सॉसेज आणि भेंडी घालून, पीठ तेलात तासभर परतून केलेला त्यांच्याकडचा दाट रस्सा, आणि तो दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो म्हणून त्या कायम पलटणीला पुरेल एवढा करतात. लोवेल गॅरेजमध्ये आणि कोरीन दुकानात गेलेली असताना भिंतीवरचा फोन खणखणला. तेवढी कर्कश घंटा सासूबाईंनाही ऐकू आली.

"मी कॅस्टलबेरी. लोवेलला निरोप द्या. अध्यक्षबाईंना सूट हवी आहे."

"सूप? आहे की. भरपूर आहे."

"सूप नाही हो. कलम. कलम सैल करायचं आहे."

"कोलंबी? घातलीय ना. सोलूनच घातलीय."

"बाई, हे गुरुवारच्या आत व्हायला हवं."

"घरातच आहे सगळं. उद्या सुट्टीच आहे, संध्याकाळी या. बाईंना पण आणा."

कॅस्टलबेरी अविवाहित होता आणि गेले कित्येक आठवडे कँटीनच्या सँडविचवर जगत होता. त्याला वाटलं, कायद्याचा तिढा जेवणाच्या टेबलावर सोडवायची लोवेलचीच ही युक्ती असणार. त्याने लगेच होकार दिला.

लोवेलला हे सोमवारी संध्याकाळी कळलं, तेही सासूबाईंनी ठेवणीतल्या बशा काढताना सहज विचारलं म्हणून: "फोनवरच्या माणसाने सूप-कोलंबी मागितलीय, पण ती अध्यक्षबाई भात खाते ना रे?"

लोवेल मट्कन खुर्चीत बसला. मसुदा लिहिणाऱ्याने सभासदांना घरी जेवायला बोलवायचं नसतं. त्याने कुणाच्या बाजूचं दिसायचं नसतं. किंबहुना त्याने दिसायचंच नसतं.

"आता आईची यंत्रं तेवढी घेऊन ये," कोरीन म्हणाली. "पाहुण्यांसमोर सूपकोलंबी व्हायला नको."

"पण तीन दिवस कुठे झालेत?"

"मी सूट मागत नाहीये, लोवेल. मी यंत्रं मागतेय. ती घालायची की नाही हे तू आणि तुझं कलम बघा."

लोवेल परसात गेला. त्याने कुंथत कुंथत गॅरेजचं दार हाताने उचललं, बर्फ काढायचं फावडं त्याखाली टेकू म्हणून उभं केलं आणि आत शिरला. खोक्यापर्यंत पोचतो तोच फावडं घसरलं. दार धाडकन खाली आलं, एका बाजूने रुळावरून तिरकं झालं आणि जमिनीपासून वीतभर फट ठेवून गच्च रुतलं. लोवेलने ओढलं, ढकललं, खांदा लावला. मोटर सुटी करणारी दोरी ओढली, ती हातात आली. आता ते दार उचलण्याची ताकद फक्त मोटरमध्ये होती. आणि मोटरवर बंदी होती.

तेवढ्यात घरासमोर गाडी थांबली.

अध्यक्षबाई लूएला हॅनिगन नेब्रास्काच्या. गुरांच्या गोठ्यात वाढलेल्या आणि आवाजही तेवढाच मोकळा. त्या ताटलीत सफरचंदाचा पाय (फळ भरून भाजलेला गोड पदार्थ) घेऊन आल्या होत्या, म्हणजे कुणाच्या उपकारात राहायला नको. दाराला घंटा नव्हती म्हणून घराला वळसा घालून त्या परसात आल्या, मागे कॅस्टलबेरी. समोर कोरीन आणि सासूबाई गॅरेजच्या दारापुढे उभ्या होत्या, आणि दाराखालच्या फटीतून कुणीतरी बोलत होतं.

"ब्रँडविक कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"आत," कोरीन म्हणाली आणि थोडक्यात सगळं सांगितलं.

"मग मोटर सुरू करा ना," कॅस्टलबेरी म्हणाला.

"सूट लागते."

"देतो की," फटीतून आवाज आला. "मी सूट देतो."

"लेखी दे," कोरीन म्हणाली. "आणि मला तीन दिवस आधी कळव. आज कळवलंस तर गुरुवारी संध्याकाळी दार उघडता येईल. गम्बो तोवर टिकेल. तुझं सांगता येत नाही."

"आणि दुसरं कुणी देऊ शकत नाही?" बाईंनी विचारलं.

"फक्त प्रमुख. आणि प्रमुख अडकलाय."

मग कॅस्टलबेरीच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जसं बरेच दिवस दुखणारा दात आपोआप पडल्यावर पसरावं.

"बाई, मी हेच म्हणत होतो," तो म्हणाला. "सरकारी दवाखान्यात एखादं यंत्र बंद पडलं, प्रमुख विमानात आहे, मग करायचं काय? तीन दिवस वाट पाहायची? म्हणून म्हणतो, 'योग्य वाटल्यास' लिहा आणि मोकळे व्हा."

बाईंनी ताटली कॅस्टलबेरीच्या हातात दिली, गुडघे टेकून त्या गवतावर बसल्या आणि फटीशी वाकल्या.

"ब्रँडविक, ऐकलंत? काय म्हणणं आहे?"

आत अंधार होता. लोवेल खोक्यावर बसला होता. डोक्याला कोळिष्टकं लागली होती, बायकोने भर परसात इज्जत घालवली होती आणि कित्येक महिन्यांचं काम आता या फटीतून वाहून जाणार होतं. खरं तर माणसाने अशा वेळी रडावं. पण लोवेलला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या कलमाच्या आत बसायला मिळालं होतं, आणि आतून ते कुठे चुकलंय ते त्याला लख्ख दिसत होतं.

"बाई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कोरीनलाही अनोळखी वाटला, इतका ठाम होता. "कलम घट्ट आहे हे चुकलं नाही. त्याला आतून कडी नाही, हे चुकलं. लिहून घ्या. तातडीच्या वेळी, म्हणजे माणूस किंवा काम खरंच अडकलं असेल तेव्हा, प्रमुख हाताशी नसेल तर त्याच्या खालच्या अधिकाऱ्याने सूट द्यावी. तोंडी दिली तरी चालेल. पण ती त्या एका यंत्रापुरती आणि त्या एका कामापुरती. सूट का दिली, ते समितीला दुसऱ्या दिवशी कळवायचं. नाही कळवलं, तर सूट आपोआप संपली आणि देणाऱ्याने येऊन समितीपुढे उभं राहायचं."

कॅस्टलबेरी एका हातात ताटली तोलत दुसऱ्या हाताने लिहीत होता. लिहिता लिहिता त्याचं हसू मावळलं, कारण त्यात खोट सापडेना.

"आणि जो तो तातडी तातडी म्हणायला लागला तर?" त्याने शेवटचा प्रयत्न केला.

"म्हणू दे," फट म्हणाली. "दुसऱ्या दिवशी बाईंसमोर उभं राहून म्हणायचंय."

कॅस्टलबेरीने बाईंकडे पाहिलं आणि वही खिशात घातली.

"झालं," बाई गवत झटकत उठल्या. "हेच जाईल गुरुवारी. आता लागू करून दाखवा. घरात प्रमुखाच्या खालचं कोण?"

"मीच असेन बहुधा," कोरीन म्हणाली. तिने घरात जाऊन वीज सुरू केली आणि लोवेलने आतलं बटण दाबलं. मोटर कण्हली, दार थरथरलं, रुळावर आलं आणि सावकाश वर चढायला लागलं. आधी लोवेलचे बूट दिसले, मग गुडघे, मग हातातलं खोकं, आणि शेवटी गॅरेजच्या दिव्याखाली, कोळिष्टकांचा मुकुट घातलेला अख्खा लोवेल. बाईंनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या कुंपणावरूनही कुणीतरी वाजवल्या. सासूबाईंना कशासाठी ते कळलं नव्हतं, पण त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

त्या रात्री कॅस्टलबेरीने तीनदा वाढून घेतलं. सासूबाईंनी श्रवणयंत्रं घालून (त्यांची सूटही कोरीनने तोंडीच दिली) त्याला ऐकवलं, की फोनवर त्याने स्वच्छ सूपच मागितलं होतं, आणि त्याने ते मान्य केलं.

गुरुवारी समितीत दोन्ही पक्षांनी कलमावर तुटून पडायचं ठरवलं होतं. एकाने दवाखाना काढला, दुसऱ्याने पाणबुडी, तिसऱ्याने वाळवंटातली वकिलात. प्रत्येक वेळी बाई मागे वळत, मागच्या खुर्चीवरून लोवेल दोन वाक्यं कुजबुजे आणि प्रश्न विचारणारा पाणी प्यायला लागे. शेवटी विधेयक एकमताने मंजूर झालं. त्या समितीत एकमताने एरवी फक्त जेवणाची सुट्टी मंजूर होते. बाईंनी बाहेर पडताना सगळ्यांदेखत लोवेलशी हस्तांदोलन केलं. विरोधी पक्षाच्या सल्लागाराने कलमाची प्रत मागून घेतली, आपल्या विधेयकात घालायला.

लोवेल घरी आला तो रस्त्याच्या मधोमध चालत. जिन्यावरूनच त्याने बातमी दिली. कोरीनने त्याला मिठी मारली, अगदी मनापासून. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे एकदाचा कोर्टात जिंकलास," आणि त्याने त्यांना दुरुस्त केलं नाही. मग तो आरामखुर्चीत पसरून सांगत सुटला, कोण काय म्हणालं, मग आपण काय म्हणालो, मग तो कसा गप्प बसला. दोघींनी अर्धा तास ऐकून घेतलं.

"छानच झालं," कोरीन म्हणाली. "आता इथली समिती बसूया. घरातला कायदा रद्द करावा, असा ठराव आईने मांडलाय. मी बाजूने. आई?"

"बाजूने," सासूबाई म्हणाल्या.

लोवेल उठून बसला. आज त्याच्या अंगात बळ होतं. "मी विरोधात," तो म्हणाला. "आणि मी भाषणही करणार आहे."

"विरोधात कसा असशील?" कोरीनने त्याच्या पुढ्यात कागद आणि पेन ठेवलं. "आमचं झालंय एकमताने. तू फक्त नीट भाषेत लिहून दे. मसुदा लिहिणाऱ्याला मत नसतं."