सिंधू निवास, डाव्या हाताला

पितांबरराव पाटलांनी आपलं घर मोबाइलच्या नकाशावर चढवायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या मनात कोणाचंही वाईट नव्हतं. (हे त्यांनी पुढे सिंधुबाईंना निदान चाळीस वेळा सांगितलं.)

कारण मोठं होतं. सिंधुबाईंचा सुरतेचा भाऊ भूपेंद्र रविवारी येणार होता, आणि तोही नऊ वर्षांनी. नऊ वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या लग्नपत्रिकेत सख्ख्या मामाचंच नाव छापायचं राहून गेलं होतं. पत्रिकेचं काम पितांबररावांकडे होतं. दाजींनी मुद्दाम नाव गाळलं, असं धरून भूपेंद्र जो रुसला, तो ना राखीला आला, ना भाऊबीजेला. आता त्याच्या मुलीचं लग्न झालं होतं. नव्या व्याह्यांना घेऊन तो बहिणीला भेटायला येणार होता. मधल्या काळात पितांबररावांनी ब्राह्मणपुरीच्या बाहेर नवं घर बांधलं होतं, ते त्याने पाहिलंच नव्हतं.

“त्याले रस्ता नीट सांगा,” सिंधुबाई म्हणाल्या. “आते काही चूक व्हवाले नको.”

पितांबरराव पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात कारकून. तिथल्या योगेंद्रने त्यांच्या मोबाइलवर ‘वाटाड्या’ नावाचा नकाशा टाकून दिला होता. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नव्हता. लोकांनीच मिळून तो बनवला होता आणि कोणालाही त्यात भर घालता येत होती. (‘कोणालाही’ म्हणताना बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पितांबरराव नसावेत.) त्याच आठवड्यात त्याची नवी आवृत्ती आली होती.

“काका, एकदम भारी शे,” योगेंद्र म्हणाला. “नेट नसनं तरी चालस. रस्ता मराठीमा बोलीसन सांगस. आनि ठिकाण टाकाले फक्त चित्र निवडनं पडस. वाचानं कामच नही!”

वाचायचं काम नाही म्हटल्यावर पितांबररावांनी चष्मा आणायचेही कष्ट घेतले नाहीत. ओट्यावर बसून ते चित्रं चाळू लागले. एका घरावर घंटा होती, ती शाळा असणार. एका घरात माणूस झोपलेला होता, ते लॉज. मग त्यांना एक चित्र दिसलं: एक पुरुष, एक बाई आणि दोघांच्या मधोमध उभी रेघ.

नवरा, बायको आणि मध्ये भिंत! तीस वर्षांचा संसार इतक्या थोडक्यात मांडणाऱ्या माणसाचं त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि नाव लिहिलं, ‘सिंधू निवास’.

मग मोबाइल प्रश्न विचारू लागला. ते त्यांनी डोळे बारीक करून वाचले. किती वेळ उघडं असतं? चोवीस तास. (पाहुण्यांना वेळकाळ कसला?) पाणी आहे का? भरपूर. महिलांसाठी सोय आहे का? हा प्रश्न वाचून तर ते भारावलेच. नव्या आवृत्तीत बायाबापड्यांचाही विचार केला होता! त्यांनी ‘आहे’ वर बोट दाबलं आणि ते ठिकाण भूपेंद्रला पाठवून दिलं.

रविवारी सिंधुबाई पहाटेपासून खापरावरचे मांडे करत होत्या. पितांबरराव इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे होते. अकराच्या सुमारास गुजरातच्या नंबरची पांढरी गाडी हमरस्ता सोडून वळली आणि दारात थांबली. तीतून एक जाडसर गृहस्थ जवळजवळ उडी मारूनच उतरले.

व्याही! भूपेंद्र मागच्या गाडीत असणार.

“यही है ना?” गृहस्थांनी मोबाइलकडे बघत विचारलं.

“यही है, यही है! अपनाच घर समझो!”

“किधर से जाना है?”

“जायेंगे ना! अभी तो आये हो. पहले बैठो तरी.”

“भाईसाब,” गृहस्थ काकुळतीने म्हणाले, “बैठने के लिए ही तो आया हूँ!”

पितांबररावांनी चटकन खुर्ची पुढे केली आणि आत हाक मारली, “आयकं का? तांब्या भरीसन पानी लई ये!”

तांब्या शब्द ऐकून गृहस्थांचा चेहरा उजळला. तांब्या आला. त्याच्यासोबत पेला आणि गुळाचा खडाही आला. गृहस्थ गुळाकडे बघतच राहिले.

“पियो, पियो!”

“पीना नहीं है...”

“तो फिर चाय?”

गृहस्थ एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. इतका लाजाळू व्याही पितांबररावांनी पाहिला नव्हता. तेवढ्यात गाडीतून तीन बायका उतरल्या. त्यांतल्या वडीलधारीने विचारलं, “लेडीज का अलग है क्या?”

“अलग कशाले? हमारे में ऐसा कुछ नहीं. सब साथ में बैठेंगे!”

तिन्ही बायका एकदम गाडीकडे मागे सरकल्या.

आणि मग दुसरी गाडी आली. तिच्या काचा खाली होत्या, आणि आतून शुद्ध, स्वच्छ मराठीत बाईचा खणखणीत आवाज आला: “आपण पोहोचला आहात. सिंधू निवास, सार्वजनिक शौचालय, डाव्या हाताला.”

गाडीतून भूपेंद्र उतरला. त्याचा चेहरा तांबडालाल झाला होता.

“मग हाई कोण शेत? तुन्हा व्याही ना?” पितांबररावांनी जाडसर गृहस्थांकडे बोट करून विचारलं.

“मन्हा व्याही गाडीमा बठेल शेत!”

पितांबररावांना काही उमगेना. सिंधुबाईंनी मात्र गृहस्थांच्या हातातला मोबाइल पाहिला, त्यांच्या पायांची चुळबुळ पाहिली, तांब्या पुन्हा त्यांच्या हातात दिला आणि मागच्या अंगणातली वाट दाखवली. बायकांना त्या स्वतः न्हाणीघराकडे घेऊन गेल्या.

थोड्या वेळाने ती पांढरी गाडी निघून गेली. आत मांडे गार होत होते. सिंधुबाई भावाकडे बघत दारात उभ्या राहिल्या. नऊ वर्षांनी आलेला भाऊ गाडीच्या दारावर हात ठेवून होता. आता बसतो की जातो, याचा नेम नव्हता.

“दाजी,” अखेर भूपेंद्र म्हणाला, “तुम्ही मन्हं नाव मुद्दाम गाळं, हाई मी नऊ वरीस धरीसन बठनू. पन जो मानूस सोताना घरले संडास लिखस, तो मुद्दाम काय करी?”

आणि तो खो खो हसत सुटला. व्याहीही हसत खाली उतरले. सिंधुबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि भावाचा हात धरून त्याला आत नेलं. आपली अब्रू राहिली की गेली, हे न कळून पितांबररावही मागोमाग हसत गेले.

जेवणं झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि चूक दुरुस्त करायला मोबाइल उघडला. सिंधू निवासाखाली हिरवी खूण होती: ‘प्रत्यक्ष भेट देणाऱ्याने पडताळले.’ त्याखाली त्या गृहस्थांचा अभिप्रायही होता: “एकदम साफ़. पानी भरपूर. बहनजी बहुत भली. बस दरवाज़े पर जो आदमी रखा है, उसे काम की कोई समझ नहीं.”

सिंधुबाईंनी खांद्यावरून वाकून ते वाचलं. खाली मोबाइल विचारत होता, ‘ही माहिती बरोबर आहे का?’

त्यांनी पिठाचं बोट पदराला पुसलं आणि ‘होय’ दाबलं.