मुकुट उतरेना

पत्र्याच्या मुकुटाला आतून फेल्टच्या कापडाचं नवं अस्तर चिकटवलं होतं. गोंद वरवर सुकला होता. कडेला मात्र अजून बोट चिकटत होतं. नाटक सुरू होण्याची घंटा झाली, तेव्हा मामींनी मुकुट तसाच मामांच्या डोक्यावर चढवला. दिव्यांच्या उष्णतेने दुसऱ्या अंकापर्यंत उरलेला गोंदही सुकला. केसांसकट.

नाटक पदच्युत राजाचं. राजा मामा, राज्य घेणारा सरदार भाचा. "यंदा नाटक मंडळ तुझ्या हवाली करतो," असं मामा दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी विसरत. भाच्याला दुसऱ्या मंडळाचं बोलावणं होतं. उत्तर उद्या द्यायचं होतं. मंडळ खरंच देणार का, हे आधी मामांना विचारायला हवं होतं. पण मामांनी नुसता चष्मा पुसला, तरी भाचा दोन पावलं मागे सरे.

राज्यत्यागाचा प्रवेश आला. "घे हा मुकुट!" मामा गरजले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मुकुट वर ओढला. भुवया वर गेल्या. मुकुट जागेवरच.

"ओढ," मामा ओठ न हलवता म्हणाले.

भाच्याने जरासं ओढलं. मामा कळवळले. त्याचा हात चटका बसल्यासारखा मागे आला.

"ओढ म्हणतो ना, गाढवा!"

"मामा, रक्त आलं तर?"

"आधी घाम पूस. सगळे बघतायत."

नाट्यगृह चिडीचूप झालं होतं. "काय अभिनय आहे! सोडवतच नाहीये बिचाऱ्याला," पुढच्या रांगेतल्या बाई कुजबुजल्या.

भीतीने भाचा भलतंच बोलून गेला, "राहू दे मामा. तुम्हीच ठेवा."

हशा पिकला. मामा पांढरेफटक पडले. राजा पायउतारच झाला नाही, तर तिसरा अंक आणायचा कुठून? बेड्या घेऊन आलेला पहारेकरी विंगेकडे वळला. "मामी, यांना नेऊ की नको?"

"अहो, मुकुट डोक्यावरून निघत नसेल, तर 'राज्य दिलं' एवढं तोंडातून तरी काढा!" मामी विंगेतून ओरडल्या.

मामांनी मुकुटावरचे हात खाली घेतले. ते भाच्याकडे वळले. आता आपली धडगत नाही, म्हणून भाच्याने डोळे गच्च मिटले.

"मंडळी," मामा घरच्या आवाजात म्हणाले, "मुकुट काही निघत नाही. पण आजपासून हे मंडळ माझा भाचा चालवील."