नव्या गोळीची परीक्षा

पित्ताशयाच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द अखेरचा! मी दवाखान्यात एक्स-रे काढतो. सोनोग्राफीचं यंत्र अजून आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. पित्ताशय फिल्मवर उमटावं म्हणून रोग्याला आदल्या रात्री बिनतेलातुपाचं जेवण आणि वर गोळ्या द्यायच्या. जुन्या गोळ्या भारी लहरी. लागू पडल्या तर पडल्या, नाहीतर फिल्म कोरी. नव्या आल्या तेव्हा मी घरी छाती ठोकून सांगितलं, "ह्या गोळीनंही दिसलं नाही, तर पित्ताशय कामातून गेलं समजा. थेट ऑपरेशन!"

पोटात कळा बाबांना यायच्या, तशाच काकांनाही. डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची तुलना हवीच होती आणि नव्यांचा एकच डोस शिल्लक होता. तो बाबांना मिळावा, एवढा माझा साधा आपमतलब. गोळ्या दिसायला सारख्याच. नव्यांची पुडी बाबांच्या ताटाशेजारी ठेवली, जुन्यांची काकांच्या. कुठली कुणाची ते दोघांना बजावलं आणि निश्चिंत झोपलो.

सकाळी डार्करूममध्ये काकांचं पित्ताशय पेरूसारखं टपोरं उमटलं. बाबांची फिल्म कोरी. नवी गोळी घेऊनही कोरी, म्हणजे थेट ऑपरेशन! बाबांचं हृदय आधीच अधू. ऑपरेशन त्यांना झेपेल असं सर्जनसुद्धा म्हणत नव्हते.

बाहेर येऊन दोघांना सांगितलं, तर बाबा गालातल्या गालात हसले.

"घाबरतोस कशाला? हा तुझा काका हात धुवायला गेला तेव्हा मी पुड्या बदलल्या. धाकटा आहे, चांगलं औषध त्याला नको? मी जुनीच घेतली."

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे दोष त्या लहरी गोळीचा! नव्या मागवू, पुन्हा फिल्म काढू. मी हसायलासुद्धा लागलो.

काका मात्र हसले नाहीत.

"दादा," ते हळूच म्हणाले, "हात धुताना मी आरशात बघितलं तुला. तू पाणी आणायला उठलास, तेव्हा परत जागच्या जागी ठेवल्या."

बाबांचं हसू मावळलं. त्यांनी माझ्या हातातल्या कोऱ्या फिल्मकडे बघितलं.

"मोठ्या भावाचं एक ऐकशील तर शपथ," ते म्हणाले. काकांनी त्यांचा हात घट्ट धरला.

दुपारी डॉक्टरांनी विचारलं, "मग, कुठली गोळी चांगली?"

"जुनी," मी म्हणालो. "निदान तिच्यावर खापर तरी फोडता येतं."