झाकलेले दोन आणि उघडा एक

"मॅडम, मी अशी चाचणी घेईन की हरलेली कंपनीसुद्धा येऊन माझे आभार मानेल."

हे वाक्य तराजूसाहेबांनी संचालकबाईंच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या टाकलं आणि स्वतःच इतके खूश झाले की बाहेर पडताना दार ढकलायचं की ओढायचं हे त्यांना चटकन आठवेना.

तराजूसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराला इंटरनेट पुरवणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे याच नावाने ओळखत, कारण दोन वस्तू समोर ठेवल्या की हा गृहस्थ त्या तोलत बसे. घरी वॉशिंग मशीन घ्यायचं ठरून सात महिने झाले होते. यादी गाळता गाळता दोन मशीनांवर येऊन गाडी अडली होती. बायकोने कधीच हात टेकले होते. घरातलं जुनं मशीन मात्र दर धुण्याला थरथरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत येई.

आता कंपनीला नवा कोअर राउटर घ्यायचा होता. कोअर राउटर म्हणजे शहरभरच्या इंटरनेटचा मुख्य चौक. कुठून आलेलं कुठे पाठवायचं ते सगळं तोच ठरवतो. जुना राउटर बारा वर्षं एकदाही न थांबता चालला होता. तराजूसाहेब त्याला लाडाने 'म्हातारा' म्हणत. गेल्या महिन्यात त्याला कामावरून उतरवून चाचणीच्या खोलीत आणून ठेवलं होतं आणि सध्या उसन्या राउटरवर भागत होतं. म्हाताऱ्याला भंगारात द्यायचं ठरलेलं होतं, पण तराजूसाहेबांनी त्याचा वीजपुरवठा काही बंद केला नव्हता. "कुठलं कुठे पाठवायचं ती सगळी मांडणी नव्यांवर याच्यावरूनच उतरवून घ्यायची आहे," असं ते सगळ्यांना सांगत. ती उतरवून झाल्यालाही आठवडा लोटला होता. खरं सांगायचं तर त्यांचा हात त्या बटणापर्यंत जातच नव्हता.

संचालकबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "दोन कंपन्या आहेत. सात दिवस चाचणी घ्या, आठव्या दिवशी मला एक नाव सांगा. नीट सांगितलंत तर नेटवर्क विभागाचे प्रमुख तुम्ही. 'दोन्ही आपापल्या जागी चांगले' असं काही ऐकवलंत, तर तक्रार विभागात फोनवर बसायचं."

तक्रार विभाग! दिवसभर 'नेट चालत नाही' ऐकायचं आणि प्रत्येकाला 'एकदा बंद करून चालू करा' सांगायचं!

म्हणून चाचणी अशी झाली पाहिजे की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये. कोणता राउटर कोणत्या कंपनीचा हे खुद्द परीक्षकालाही कळता कामा नये, असं त्यांनी ठरवलं. घरातल्या जुन्या पडद्यांच्या त्यांनी बायकोकडून दोन खोळी शिवून घेतल्या. वारा जायला मागे जागा, केबल जायला पुढे फटी.

"राउटरला कुंची शिवणारी मीच पहिली असेन," बायको सुई ओवत म्हणाली. "आणि मशीनचं काय ठरलं?"

"अगं, हे एवढं होऊ दे. पद्धत हाताशी आली की मशीनही याच पद्धतीने ठरवू."

वायरमनने दोन्ही राउटर बसवले, खोळी चढवल्या, एकावर 'क' आणि दुसऱ्यावर 'ख' अशी चिठ्ठी लावली आणि कोणता कुणाचा ते कागदावर लिहून पाकीट बंद केलं. समोर जाड पडदा टाकला गेला. आता राहिल्या केबल. त्या कुणी लावायच्या? ज्याला दोन्ही कंपन्यांशी घेणंदेणं नाही अशाच माणसाने. तराजूसाहेबांच्या डोळ्यांसमोर एकच व्यक्ती आली, स्टोअरच्या मावशी. अठरा वर्षं केबल मोजून देणाऱ्या, आणि सहीशिवाय संचालकबाईंनाही साधा स्क्रू न देणाऱ्या.

मावशींना नकळत काही इशारा जाऊ नये म्हणून त्यांनी चिठ्ठीत क आणि ख यांचं नावसुद्धा घेतलं नाही. एवढंच लिहिलं: 'आठ केबल. प्रत्येक केबल आपापल्या क्रमांकाच्या घरात लावणे.' क वर एक ते चार ही घरं वापरायची होती आणि ख वर पाच ते आठ. त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता.

मावशी पडद्याआड गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. "लावल्या साहेब. सगळ्या घट्ट बसल्यात."

"काही अडचण?"

"अडचण कसली? आकडे लिहिलेत की त्याच्यावर."

तराजूसाहेबांनी पडद्यावर कागदी सीलपट्टी लावली, तिच्यावर स्वतःची सही केली आणि चाचणी सुरू झाली. पडद्याबाहेरचं चाचणीयंत्र एका बाजूने शहरभराइतकी इंटरनेटची वाहतूक आत सोडे आणि दुसऱ्या बाजूने किती परत आली, किती वेळात आली ते मोजे.

पहिल्या दिवशी क आणि ख यांचे आकडे सारखे आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तराजूसाहेबांनी भार दुप्पट केला. दोघांनाही उशीर झाला, आणि तोही अगदी सारखाच. चौथ्या दिवशी त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. पाचव्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत जुळत होते. जुळ्या भावंडांचे मार्कसुद्धा इतके जुळत नाहीत.

"मग सारखेच आहेत म्हणून सांगा," बायको म्हणाली.

"सारखे म्हटलं की तक्रार विभाग."

"तर मग चिठ्ठी टाका."

तराजूसाहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती मुकाट्याने कपडे वाळत घालायला निघून गेली.

आठव्या दिवशी सकाळी अकराला संचालकबाई खोलीत आल्या. दोन्ही कंपन्यांचे प्रतिनिधी आधीच हजर होते. एक उंच, एक ठेंगणा. सात दिवस बाहेर ताटकळून दोघांच्याही चेहऱ्यावर लग्नघरच्या व्याह्यांसारखं कडक हसू आलं होतं. पाकीट फोडल्यावर कळलं की क उंचाचा आणि ख ठेंगण्याचा.

"आकडे सारखेच आहेत," तराजूसाहेबांनी सांगितलं, "पण खरा कस संकटात लागतो. आपण आधी क ची वीज तोडू. तो किती वेळात पुन्हा उभा राहतो ते पाहू. मग ख ची. आज सोक्षमोक्ष लागेल."

त्यांनी पडद्याबाहेरच्या बोर्डावरचं क चं बटण बंद केलं. आतल्या एका राउटरच्या पंख्याची घरघर थांबली. सगळ्यांचे डोळे चाचणीयंत्रावरच्या रेषेकडे लागले.

रेषा हलली नाही. क मधून वाहतूक चालूच होती.

उंच प्रतिनिधी आधी गोंधळला, पण माणूस विक्रीतला होता, लगेच सावरला. "पाहिलंत मॅडम? आमचा राउटर बंद पडला तरी बंद पडत नाही."

"हे माहितीपत्रकात नव्हतं," संचालकबाई म्हणाल्या.

"आम्ही जाहिरात फार करत नाही."

ठेंगणा तडक पुढे आला. "आमचाही बंद करा. आत्ता करा."

ख चं बटण बंद झालं. दुसरा पंखाही थांबला. रेषा तशीच सरळ.

"आमचाही चालतो," ठेंगणा घाम पुसत म्हणाला. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

"आमचा आधी चालला," उंच म्हणाला.

संचालकबाईंनी चष्मा काढला. "दोन्ही राउटरना वीज नाही आणि शहराएवढी वाहतूक त्यांच्यातून चाललीय. साहेब, मग आतापर्यंत आपण वीज कशाला जाळत होतो?"

तराजूसाहेबांनी कान टवकारले. दोन पंखे थांबले होते, तरी पडद्याआडून एक जुनी, ओळखीची घरघर येतच होती. बारा वर्षं कानात बसलेली. त्यांनी सही असलेली सीलपट्टी टरकावली आणि पडदा ओढला.

डावीकडे कुंची घातलेला क. उजवीकडे कुंची घातलेला ख. दोघांनाही एकसुद्धा केबल नव्हती. आठच्या आठ केबल कोपऱ्यात म्हाताऱ्याच्या अंगात नीट, ओळीने, क्रमांकाप्रमाणे बसल्या होत्या, आणि म्हातारा हिरवे दिवे मिचकावत बसला होता.

मावशींना बोलावणं गेलं. त्या चाव्यांचा जुडगा वाजवत आल्या.

"मावशी, या दोघांना का नाही लावल्या?"

"ते झाकलेले होते ना," मावशी म्हणाल्या. "झाकलेल्या मालाला सहीशिवाय हात लावायचा नाही. स्टोअरचा नियमच आहे तो. उघडा एकच होता, त्याच्यावर एक ते आठ आकडे होते, लावल्या. तुमच्या चिठ्ठीत कुठे लिहिलं होतं झाकलेलं उघडा म्हणून?"

कुठेच लिहिलं नव्हतं. दोन्ही नव्या राउटरची मांडणी म्हाताऱ्यावरूनच उतरवलेली, त्यामुळे म्हाताऱ्याने एकट्याने क चंही काम केलं आणि ख चंही. सात दिवस, दुप्पट भारासकट.

तराजूसाहेबांना कानात आधीच फोनच्या घंटा ऐकू यायला लागल्या.

"एक नाव सांगायचं ठरलं होतं," संचालकबाई म्हणाल्या.

तराजूसाहेबांनी क कडे पाहिलं, ख कडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीही न तोलता उत्तर दिलं. "हा, मॅडम. हाच ठेवा. अजून दोन वर्षं तरी कुठे जात नाही."

संचालकबाई हसल्या. "विभागप्रमुखाला निर्णय घेता आला पाहिजे, एवढंच मला बघायचं होतं. उद्यापासून ती खुर्ची तुमची. केबल मात्र मावशींनाच लावू द्या. सही घेऊन."

दोन्ही प्रतिनिधींनी खरोखरच आभार मानले. आपण एकटेच हरलो नाही, या आनंदात.

तराजूसाहेब तरंगतच घरी आले. "अगं, प्रमुख झालो! आणि पद्धतही सापडली. वॉशिंग मशीनचा निर्णय झाला. जुनंच ठेवायचं."

बायको चहाचे कप मांडत होती. "जुनं दुपारी दुकानदार घेऊन गेला. नवं आलंय. मागे बघून या."

मागच्या मोरीत नवंकोरं मशीन एका जागी उभं राहून शांतपणे कपडे धूत होतं. तराजूसाहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"दोन्हींपैकी कुठलं घेतलंस? आणि कशावरून ठरवलंस?"

"दुकानात एकावर कापड टाकलेलं होतं," बायको म्हणाली. "उघडं होतं ते घेतलं."