वरच्या खोलीतले सर

मुलांनो, आपल्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा दिगंबर बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, गळ्याकडे बघतो. पहिल्याच दिवशी तो माझ्या कानाखाली नजर लावून असा उभा राहिला, की मला वाटले, पाल चढली की काय.

"आजी, मान जरा डावीकडं."

मी वळवली. का वळवली, ते आजही सांगता येणार नाही.

"काय दिसले रे?"

"सर सांगतील," असे म्हणून तो जिना चढून गेला.

घरात मी एकटी. कुठले सर?

दिगंबर पाचोडकडचा, मेंढपाळाच्या घरातला. इथे मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गळ्यातली शीर कशी उडते, त्यावरून हृदयाचा अंदाज येतो म्हणे, आणि परीक्षेत तेच विचारतात. शिवाय विद्यार्थ्याने पेशंटला आजार सांगायचा नसतो, तो मोठ्या डॉक्टरांनी सांगायचा. त्यामुळे वॉर्डात नातेवाइकांनी वेढा घातला, की ही मुले "सर सांगतील" म्हणून निसटतात. दिगंबरच्या जिभेवर ते इतके बसले आहे, की उद्या दूध एक लिटर की अर्धा, हेही सरच सांगणार असतात.

शेजारचे देशमुख मात्र धास्तावले. दिगंबरने फाटकाशी दोनदा त्यांच्या गळ्याकडे पाहिले आणि काही न बोलता सुस्कारा टाकला. तेव्हापासून, आपल्या गावच्या मे महिन्यात, देशमुख गळ्याला मफलर गुंडाळून फिरायला जातात.

मी त्याला एकदा विचारले, "डॉक्टर झाल्यासारखे वाटते का रे?"

"आजी, पेशंट 'डॉक्टरसाहेब' म्हणतो, सर 'ए, तू' म्हणतात अन् सिस्टर 'सरक' म्हणते. गावाकडची माणसं तर मेंढीच्या सुजलेल्या पायाचा फोटो पाठवतात. तिथं 'सर सांगतील' म्हणायचीबी सोय नाय."

हे सगळे हसण्यावारी चालले होते. मग एका दुपारी आपली सुमन झाडू वरच टाकून धावत खाली आली. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"बाई, वरच्या खोलीत कुनीतरी हाय."

"दिगंबर असेल."

"त्यो हायच. पर समोर रिकामी खुर्ची अन् हा तिच्याशी बोलतोय. म्हनतो, 'घाबरू नका. छाती उघडावी लागेल. तुम्हाला काहीही कळणार नाही.' मग गप बसला अन् मान हलवून ऐकाया लागला, बाई! खुर्चीचं! मग म्हनला, 'नाही म्हणू नका.'"

त्या दिवसापासून सुमन जिना निम्म्यापर्यंतच झाडते.

मी इंग्रजी शाळेत शिकले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी दुसऱ्या दुपारी वर जाताना माझ्या हातात लाटणे होते.

दार अर्धवट उघडे होते. आतून त्याचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. मधली शांतता बरोबर एखाद्या उत्तराएवढी होती. डोकावले तर खिडकीशी खुर्ची, तिच्यावर घडी घातलेली घोंगडी आणि पुढ्यात पाण्याचा पेला. पेला अर्धा प्यायलेला. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

"कोण आहे रे?"

"पेशंट, आजी." खुर्चीला वाईट वाटू नये इतक्या हळू तो बोलला. "वाईट बातमी कशी सांगायची, तेबी शिकवतात. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, सांगायचं अन् मग गप राहायचं. ते गप राहणंच मला जमत नाय."

"आणि पाणी कोण प्यायले?"

"मीच. घसा कोरडा पडतो."

माझा जीव भांड्यात पडला. "मग कालचाच पेशंट आजही कशाला? बदल की."

त्याने खुर्चीकडे पाहिले. "हिला अजून पटलं नाय."

मी लाटणे घेऊन खाली आले.

त्या रविवारी त्याची आई गावाहून आली. बाई शिडशिडीत, हसतमुख. पण फाटकातून आत येऊन आपल्या ओट्याच्या पायऱ्या चढली आणि वरच्या पायरीवर मटकन बसली. धाप थांबेना. आता माझीही नजर गळ्याकडेच गेली. तिथली शीर पाखरासारखी उडत होती, आणि वरची खुर्ची कोणाची होती ते मला एकदम कळले.

दिगंबर खाली आला. मागच्या खेपेला आईच्या तपासण्या त्यानेच करून घेतल्या होत्या. सरांनी रिपोर्ट त्याच्या हातात देऊन सांगितले होते, "आई तुझी आहे. तूच समजाव." हे त्याने मला नंतर सांगितले.

"काय म्हनले रं तुझे सर? गोळ्या बदलल्या का?" आईने विचारले.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. दिगंबर तिच्या खालच्या पायरीवर बसला, ताठ, परीक्षेला बसल्यासारखा.

"हे बघा, घाबरू नका. तुमच्या हृदयाची…"

"मला अहो-जाहो काय करतो रं?" आईचे हसू मावळले. "एवढं वाईट हाय का?"

पाठ केलेले सगळे तिथेच संपले. त्याने तिचा पाय धरला.

"माय, काळजातली एक झडप बाद झालीय. आपरेशन करावं लागंल. छाती उघडून."

"नाय केलं तर?"

"तर मी डाक्टर झालेला तुला दिसायचा नाय."

मग तो गप्प राहिला. मला वाटले, मध्ये काही बोलावे. नाही बोलले. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज लांब जाऊन विरला, तरी दोघे तसेच होते.

"मग मेंढरं कुनाच्या हवाली करायची, ते सांग," आई म्हणाली.

"मी बघतो."

"तू? अन् परीक्षा?"

"आधी मेंढरं चारीन, मग परीक्षेला बसंन."

ती खळखळून हसली आणि हसता हसताच तिला धाप लागली. दिगंबरने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचे हसू अजून संपलेले नव्हते, म्हणून तो थांबून राहिला.