आपलं भांडं

“आपलं भांडं तेवढं भट्टीवरून घेऊन या,” एवढंच फ्रेडलने नवऱ्याला सांगितलं होतं. दुसरा कुणी असता तर गेला असता आणि घेऊन आला असता. पण झुंडल विद्वान होता, बिचारा.

आज शब्बाथ, ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि जेवणाला फ्रेडलचे वडील येणार होते. रब्बी गेत्सल, पाठशाळेचे प्रमुख. त्यांची पद्धत ठरलेली: कुठल्याही कायद्याला आधी दोन फाटे फोडायचे. बंधन माणसावर की वस्तूवर? त्याच पद्धतीने ते आज जावयाची परीक्षा घेणार होते, आणि उत्तर पटलं तर पाठशाळेतला नवा वर्ग शिकवायला त्याला. झुंडलला त्या वर्गाची फार आस लागली होती.

वडिलांसाठी म्हणून फ्रेडलने शेजारच्या श्प्रिंत्सामावशीचं मोठं मडकं मागून त्यात लठ्ठ बदक घातलं होतं. मावशीने फ्रेडलच्या छोट्या मडक्यात जव आणि वाल शिजत घातले. शब्बाथला घरी चूल पेटवायची नाही, म्हणून काल संध्याकाळीच दोन्ही मडकी गावच्या भट्टीत गेली.

“कुठलं देऊ?” भट्टीवाल्या यांकलने विचारलं.

“आपलं,” झुंडल म्हणाला.

“अहो, तेच विचारतोय.”

झुंडलचे डोळे चमकले. “आपलं म्हणजे काय पण? मडकं आपलं, की आतलं अन्न आपलं?”

“वास घ्या ना मेलं,” रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

“वास हा पुरावा नव्हे, आजी. बायको म्हणाली भांडं. जेवण म्हणाली नाही. आणि उसनी वस्तू मालकाचीच राहते. तेव्हा छोटं द्या.”

मागून आलेल्या मावशीला उरलेलं मोठं मिळालं. तिने झाकण उघडलं ते घरी, पोरांसमोर.

इकडे वडील जेवायला बसले आणि फ्रेडलने झाकण उघडलं. जव. वाल. एक कांदा. तिने मडक्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तडक बाहेर गेली.

“जावईबापू, बदक कुठे उडालं?” रब्बींनी विचारलं.

झुंडलने सगळा युक्तिवाद सांगितला. रब्बींनी चमचा खाली ठेवला. “पण बोलणारीचा हेतू?”

“हेतू मनात असतो, रब्बी. निरोप शब्दांत होता.”

“अस्सं!” म्हातारा खुर्ची पुढे ओढून बसला. मग काय, दोघे असे भिडले की जव गार होऊन त्यावर साय धरली.

तेवढ्यात फ्रेडल तोंड पुसत आत आली.

“कुठे होतीस गं?” रब्बींनी विचारलं.

“मावशीकडे, जेवायला.”

“आपलं बदक?” झुंडल ओरडला.

“आपलं कसं? ज्याचं भांडं त्याचं, असा तुम्हीच निकाल दिलात ना भट्टीवर? अख्खी गल्ली सांगतेय. मावशी परत करायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. म्हटलं, विद्वानाचा शब्द मोडू नये. तर तिने मला पाहुणी म्हणून बसवलं. पोरांनी तंगडी दिली, बाबा. मऊ झाली होती हो.”

रब्बी जावयाकडे वळले.

“यावर उत्तर आहे?” रब्बींनी हळूच विचारलं.

“नाही, रब्बी.”

“मलाही सुचत नाही.” त्यांनी गार जवाचं ताट पुढे ओढलं. “उद्यापासून नवा वर्ग घ्या. फाटे झकास फोडता. पण भट्टीवर यापुढे हिलाच पाठवत जा.”