जोपासलेले डाग

जावई कितीही मोठ्या हुद्द्यावर चढो, त्याच्या कपड्यांवरचा डाग अखेर सासूच्या अब्रूवर पडतो, असे आक्कांचे ठाम मत होते. आणि डागाशी झुंजावे तर आक्कांनीच. शाईला दूध, तेलकटाला खडूची भुकटी, गंजाला लिंबू, मीठ नि कडक ऊन. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कापडाला आपला पूर्वेतिहासही आठवत नसे.

त्या सकाळी खुर्चीच्या पाठीवर जावयाचा पांढरा शर्ट दिसला. छातीवर शाई, पोटावर चहा, बाहीवर वंगण! जावई कपडे धुण्याच्या पावडरीच्या कंपनीत विक्रेते. दुपारी बड्या साहेबांपुढे उभे राहायचे, बढतीचा प्रश्न, आणि हा अवतार? आक्कांनी पदर खोचला.

जावई केस कापून परतले, तो शर्ट दोरीवर बगळ्यासारखा शुभ्र.

“आई, माझा शर्ट...”

“तो काय. आभार मागाहून माना, आधी जेवून घ्या.”

जावई मटकन खाली बसले. “तेच डाग मी साहेबांसमोर आमच्या पावडरने काढून दाखवणार होतो. महिनाभर जोपासले होते हो!”

“डाग जोपासायला ती काय बाग आहे, जावईबापू?”

“आई, थट्टा पुरे,” लेक म्हणाली. “ह्यांची बढती गेली म्हणून समज. आता तूच पाड डाग.”

आक्कांनी शाईची दौत उचलली खरी. पण एक थेंब पडताच दुसरा हात आपसूक ओल्या फडक्याकडे धावला. अखेर लेकीने तो हात धरून ठेवला, आक्कांनी डोळे मिटले आणि शाई ओतली. चहा आणि शिवणयंत्राचे तेलही त्यांनीच सांडले. माघार घेणे त्यांच्या रक्तात नव्हते.

संध्याकाळी जावई बढती आणि पावडरीचा भलामोठा पुडा घेऊन आले.

“आई, वाचवलंत. माझ्याआधी एकाने मुरलेले डाग आणले होते. साहेबांनी स्वतः घासले, तरी ढिम्म हलले नाहीत. माझे ताजे, एका बुचकळ्यात निघाले. हा पुडा खास तुमच्यासाठी.”

आक्कांनी चिमूटभर पावडर बोटांत चोळली, हुंगली आणि जावयाचा मान राखून “छान आहे” म्हणाल्या.

जावई आत गेल्यावर त्यांनी पुडा लेकीच्या हातात दिला.

“मोरीत ठेव गं. फरशीला चालेल.”